जैसेथे मिस्त्रीचा जिना

त्याला गावात कोणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्याला जैसेथे म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ देई. धंदा सुतारकीचा, पण नवीन वस्तू करण्यात त्याला गोडी नव्हती. मोडकं घ्यायचं आणि मोडलंच नव्हतं असं करून परत द्यायचं, हा त्याचा छंद. खुर्चीचा पाय असो, पेटीचं झाकण असो, काम झालं की तो वस्तू गिऱ्हाइकाच्या दारात आणून ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा, हात पाठीशी बांधायचा आणि म्हणायचा, "घ्या. जैसे थे. आता सांगा, कुठे मोडलं होतं?"

हा प्रश्न मजुरीतच धरलेला असायचा. नुसती खुर्ची उचलून घरात न्यायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाने चष्मा पुसून, उकिडवं बसून सांधा शोधायचा, भलत्याच जागी बोट ठेवायचं आणि मग जैसेथेने नाकातून हसायचं. "हं. तो तर जुनाच आहे." एवढं झालं की तो खूश. कोणाला घाई असली तरी लोक थोडा वेळ शोधल्यासारखं करत, कारण नाही शोधलं तर तो दारातून हलत नसे.

हे वेड त्याला बापाकडून आलं होतं. बापही सुतारच. तो सांगायचा, "आपण येऊन गेलो हे घराला कळता कामा नये."

"म्हणजे चोरासारखं?" पोरवयातल्या जैसेथेने विचारलं होतं.

"चोरासारखंच. फक्त आपण न्यायचं नाही, ठेवून जायचं."

बाप गेला तेव्हा माणसं पुष्कळ जमली. माणूस फार सरळ होता म्हणाली, कधी आवाज चढवला नाही म्हणाली. कामाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. काढणार कुठून? अर्ध्या गावाच्या दारं-खिडक्यांना त्याचा हात लागलेला, पण कुठे लागला ते एकालाही ठाऊक नव्हतं. जैसेथेला ते तेव्हाच कुठेतरी टोचलं. पण वेड काही सुटलं नाही.

आणि टोचलेलं विसरू द्यायचं नाही, याची जबाबदारी त्याच्या मेहुण्याने घेतली होती. हा मेहुणा वेल्डर. गाव त्याला ठिणगी म्हणे. पंचक्रोशीतली लोखंडी फाटकं सगळी त्याची. प्रत्येक फाटकावर मधोमध पिवळ्या रंगात त्याचं नाव आणि खाली फोन नंबर. त्याचं काम लांबून बघितलं तर आधी नाव दिसायचं आणि फाटक मागाहून.

दर रविवारी तो बहिणीकडे चहाला यायचा आणि बूट काढायच्या आत सुरू व्हायचा.

"काय भावोजी, या आठवड्यात काय गायब केलंत?"

"दवाखान्याच्या खिडकीची चौकट."

"परवाच जाऊन आलो की दवाखान्यात. मला नाही दिसली."

"म्हणजे झाली."

"ताई, तुझा नवरा म्हणजे भुताचा मावसभाऊ बघ. घरात वावरतो, पण पुरावा ठेवत नाही."

ताई हसायची. मेहुण्याच्या बोलण्याचं जैसेथेला काही वाटत नसे, मेहुणा बोलणारच. पण बायको तोंडाला पदर लावून हसायची, ते त्याच्या जिव्हारी लागायचं. संसाराला एवढी वर्षं झाली, पण "आमच्या ह्यांनी केलंय" म्हणून बोट दाखवायला तिला गावात एक जागा नव्हती. एकदा पाहुणीला दाखवायला म्हणून ती शाळेच्या दारापाशी गेली, तर तिलाच सापडेना.

त्यात त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटेनाशी झाली. पटाशी धरली की ती दोन बोटं आपली बाजूला उभी, पाहुण्यासारखी. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. जैसेथेने ओळखलं की आता एखादं मोठं काम हातून होईल, पुढचं नाही.

तेच काम म्हणजे तोलघराचा जिना.

गावाबाहेर तिठ्यावर ही जुनी दगडी इमारत. पूर्वी धान्याच्या गाड्या इथे थांबायच्या, खाली काट्यावर पोती तोलली जायची आणि वरच्या खोलीत कारकून बसायचा. पुढे कितीतरी वर्षं नुसती कुलूपबंद. मग गावाने तिथे वाचनालय करायचं ठरवलं. शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई वाचनालय सांभाळणार होत्या. या बाईंची एक सवय होती. आयुष्यभर वर्गावर शिकवल्यामुळे त्या वाक्याचा शेवटचा शब्द स्वतः कधी बोलत नसत, समोरच्याने तो भरायचा. "पुस्तक म्हणजे काय, तर माणसाचा खरा…?" आणि भुवया उंचावून थांबायच्या. भाजीवाल्यालासुद्धा "मित्र" म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

दुरुस्तीचं काम शहरातल्या एका तरुण आर्किटेक्टकडे होतं. तिच्या काखेत सतत नकाशांची गुंडाळी असायची, म्हणून गावाने तिचं नाव ठेवलं नकाशाबाई. ती जैसेथेला जिना दाखवायला घेऊन आली. वरून धडधाकट दिसत होता, पण वाळवीने आतून पोखरलेला. जैसेथेने कठड्यावर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला.

"काका, ॲक्चुअली एक सांगू का? जिथे नवीन लाकूड बसवाल तिथे ते नवीनच दिसू दे हं. रंगबिंग नको. बघणाऱ्याला कळलं पाहिजे ना, ॲक्चुअली, की हे जुनं आणि हे नवं."

जैसेथे तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, पोरीने आपली दोन बोटं बघितली. म्हाताऱ्याला झेपायचं नाही, म्हणून सवलत देतेय. आचाऱ्याला कोणी म्हणावं, की असू दे थोडं कच्चं, आम्ही खाऊ सांभाळून, तसलाच प्रकार. तो हसला आणि म्हणाला, "बरं." त्याच्या बरंचा अर्थ असायचा, तू जा, मी बघतो. ती दुसऱ्या कामावर निघून गेली आणि थेट जिना पुरा झाल्यावरच उगवली.

मधल्या काळात जैसेथेने जे केलं ते फक्त मोठ्या बाईंनी पाहिलं. वाळवीने खाल्लेलं सगळं त्याने उतरवलं, त्याच जातीचं नवं लाकूड आणून पायऱ्या घडवल्या आणि मग खरा उद्योग सुरू केला. गंजलेले खिळे शिरक्यात भिजत घातले. चहाचं काळं पाणी केलं. तेलात काजळी खलली. गोणपाटात साखळी गुंडाळून पायऱ्यांच्या कडा हलकेच ठोकल्या. पण नुसता रंग काळा झाल्याने जिना जुना होत नाही, तो झिजावा लागतो. आणि झिजायचा कुठे, हे पायांना विचारायला हवं.

"बाई, जरा जिना चढून दाखवता?"

"मी? मी काय तुमच्या जिन्याची…?"

"मालकीण," जैसेथे म्हणाला.

"परीक्षा," बाईंनी चूक दुरुस्त केली. "मी काय परीक्षा घ्यायला आलेय?"

पण त्या चढल्या. पुन्हा चढल्या, उतरल्या, पुस्तकं घेऊन चढल्या, रिकाम्या हाताने उतरल्या. जैसेथे जमिनीवर पालथा पडून त्यांच्या चपलांकडे बघत होता. चढताना माणूस कठडा धरतो, म्हणून कठड्याच्या बाजूला झीज खोल. ओझं घेऊन उतरताना भिंतीला खेटून येतो, म्हणून तिथे उथळ. सगळ्यांत खालच्या पायरीवर क्षणभर घुटमळतो, म्हणून तिथे ती मधोमध. त्याने गोल पटाशीने ते खळगे काढले आणि गोणपाटाने इतके घासले की त्यांवर तुकतुकी आली. दोन बोटं आखडायची, मग तो हात काखेत धरून बसायचा आणि पुन्हा लागायचा.

शेवटी बाई खालपासून वरपर्यंत हात फिरवत गेल्या. "अहो, पण हे तर अगदी…?"

"जैसे थे," तो म्हणाला. त्या दिवशी त्याचं उत्तर बरोबर आलं.

नकाशाबाई आली, धडाधड वर गेली, खाली आली. "वा काका. ॲक्चुअली मला वाटलं होतं बरंच बदलावं लागेल. वाळवी कमीच निघाली म्हणायची."

जैसेथेने हात पाठीशी बांधले. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता, पण एवढ्या मोठ्या कामाला तो आपण होऊन विचारणं त्याला हलकं वाटलं. यावेळी समोरच्याने विचारावं. हिला शंका यावी, हिने चष्मा पुसावा, हिने उकिडवं बसावं. तो वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गाडीत जाऊन बसली. सगळं फिसकटलं ते इथे, पण ते त्याला फार उशिरा कळलं.

त्या भागात ग्रामीण इमारतींसाठी दरवर्षी पुरस्कार असत. एक जुन्याच्या जतनासाठी, एक चांगल्या नव्या रचनेसाठी. त्या वर्षी त्यात कारागिराच्या सन्मानाची भर पडली. कारागिराला मंचावर बोलावणार, त्याचं पूर्ण नाव वाचणार आणि ते पितळी पाटीवर कोरून इमारतीला लावणार. ही बातमी ग्रामसमितीच्या अध्यक्षांनी चौकात सांगितली. हे अध्यक्ष समोर माइक नसतानाही माइकवर असल्यासारखे बोलत. "या ठिकाणी मी जाहीर करतो," ते म्हणाले, "की आपलं तोलघर या ठिकाणी स्पर्धेत उतरत आहे. या ठिकाणी कोणी थुंकू नये."

जैसेथे घरी आला तो निराळ्याच चालीने.

"नाव लावणार?" बायकोने विचारलं. "फोन नंबरासकट?"

"नंबर नाही गं. पितळेवर कोरतात. पूर्ण नाव."

"म्हणजे मामंजींचंही येईल मध्ये."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो खाली बसला. बायको मात्र उठली, पेटीतून त्याचा लग्नातला कोट काढला, झटकला आणि वाऱ्यावर टाकला. "भाऊला सांगते," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला न लावता हसली. त्याने ते बघून घेतलं.

परीक्षक आले. त्यांतले मुख्य एक प्राध्यापक होते, मृदू आवाजाचे. "म्हणजे कसं आहे," असं म्हणून ते प्रत्येक बोलणं सुरू करत आणि कसं आहे ते सांगायच्या आत दुसरीकडे वळत. ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले, खळग्यावरून तळवा फिरवला आणि डोळे मिटले.

"म्हणजे कसं आहे, ही झीज बघा. कठड्याकडे खोल, भिंतीकडे उथळ. हे कोणा एका माणसाचं काम नाही. ही पायांची कारागिरी आहे."

जैसेथे वरच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याची छाती अशी फुगली की कोटाचं बटण ताणलं गेलं. त्याला वाटलं, मोठ्या माणसांची स्तुती अशीच असते. आपण गवयाला नाही का म्हणत, की हा आवाज माणसाचा नव्हेच? प्राध्यापकांनी ओळखलंय, आणि मंचावर बोलायचं म्हणून इथे झाकून ठेवतायत. तो वरच्या खोलीची खिडकी उघडून द्यायला आत गेला.

नेमकं तेव्हाच खाली प्राध्यापकांनी बाईंना विचारलं, "जिना मूळचा का हो?"

बाई म्हणाल्या, "जिना तर आपल्या…?" आणि भुवया उंचावून थांबल्या. जैसेथेचं नाव त्यांच्या जिभेवर होतं, निदान पुढे त्या तसं सांगत. पण शब्द भरला नकाशाबाईने. "आजोबांच्या काळातला," ती आत्मविश्वासाने म्हणाली. प्राध्यापकांनी मान डोलावली. बक्षीस मिळालं की वाचनालयाला पुस्तकांची कपाटं मिळणार होती. आयुष्यभर मुलांची चुकीची उत्तरं खोडलेल्या बाईंनी हे एक उत्तर तसंच राहू दिलं.

बक्षीस समारंभ जवळच्या मोठ्या गावातल्या शाळेच्या सभागृहात झाला. जैसेथे कोट घालून पहिल्या रांगेत, शेजारी बायको. ठिणगीही आलेला होता, कारण त्याने बनवलेला बसथांबा कोणा शहरी पोराच्या रचनेसाठी स्पर्धेत होता. जतनाचा पहिला पुरस्कार तोलघराला मिळाला. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी या ठिकाणी पुरस्कार स्वीकारला. मग प्राध्यापक कारागिराच्या सन्मानाकडे वळले, आणि जैसेथेने गुडघ्यांवर हात ठेवले, उठायला सोपं जावं म्हणून.

"यासाठी आम्ही आधी तोलघराचाच विचार केला होता. पण म्हणजे कसं आहे, तिथे सुदैवाने कारागिराला फारसं काही करावंच लागलं नाही. तो सुंदर जिना जसाच्या तसा शाबूत राहिला. तेव्हा हा सन्मान आम्ही बसथांब्याच्या वेल्डरला देत आहोत. त्यांचं नाव शोधायला त्रास पडला नाही, खांबावरच होतं."

सभागृह हसलं. ठिणगी मंचावर गेला, त्याने माइक हातात घेतला. "मी काय, साधा माणूस. पण एक आहे, आपण काम लपवून ठेवत नाही."

जैसेथे उभा राहिला. गुडघ्यांवर हात आधीच होते.

"जिना माझा आहे," तो म्हणाला.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं. ठिणगी माइकमधूनच बोलला, "भावोजी, बसा. घरी बोलू." पुन्हा हशा. बायकोने कोटाचं टोक ओढलं आणि पुटपुटली, "बसा ना हो." जैसेथेने मागे वळून मोठ्या बाईंना शोधलं.

"बाई, तुम्ही सांगा. तुम्हीच चढून दाखवलंत."

बाई सावकाश उठल्या. "मी चढले होते हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "कारण मला वर जायचं…?"

एवढ्या मोठ्या सभागृहात तो शब्द कोणी भरला नाही. बाई खाली बसल्या.

प्राध्यापक मात्र भला माणूस. त्यांनी हशा थांबवला आणि म्हणाले, "तुमचं काम असेल तर तुमचा मान तुम्हाला मिळायलाच हवा. उद्या सकाळी येतो. दाखवा."

दुसऱ्या दिवशी तोलघरात पाय ठेवायला जागा नव्हती. गावाला आणखी एक बक्षीस मिळणार या हिशेबाने अध्यक्षांनी खुर्च्या मांडल्या होत्या. जैसेथे पटाशी आणि हातोडी घेऊन आला तो नवरदेवासारखा.

"आधी तुम्ही शोधा," तो प्राध्यापकांना म्हणाला.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. उकिडवे बसले. खिशातून भिंग काढून एकेक पायरी चढत गेले. शेवटी खालच्या दगडी फरशीवर टेकलेल्या एका खांबावर बोट ठेवून म्हणाले, "हे नवीन असावं."

जैसेथेने हात पाठीशी बांधले आणि नाकातून हसला. "हं. तो तर जुनाच आहे."

आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो हा. तो फार टिकला नाही.

त्याने सगळ्यांत वरची पायरी ठोकून ठोकून सोडवली आणि उलटी करून ठेवली. आतलं लाकूड सोललेल्या बटाट्यासारखं पांढरं. पुढची माणसं मागच्यांना सांगू लागली, नवं आहे, नवं आहे.

"आणि हा खळगा?" प्राध्यापकांनी विचारलं.

"गोल पटाशी. मग गोणपाट."

"रंग?"

जैसेथेने खिळ्यांपासून काजळीपर्यंत सगळं सांगितलं, साखळीसुद्धा सोडली नाही. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून तो रंगून सांगत होता. त्याच्या प्रत्येक वाक्यागणिक नकाशाबाईचा चेहरा उतरत होता, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता.

प्राध्यापक उठले, गुडघे झटकले. "म्हणजे कसं आहे," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी कसं आहे ते सांगितलं. "त्या दिवशी मी इथेच सगळ्यांसमोर बोललो, की इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे पाय लागले आहेत. ते पाय तुम्ही पटाशीने कोरलेत. दुरुस्ती केलीत याबद्दल तक्रार नाही. दुरुस्ती दिसू दिली असतीत तर मीच तुमचं नाव वाचलं असतं. पण तुम्ही बघणाऱ्याला फसवलंत."

"फसवलं कुठे? जैसे थे केलं."

"तेच म्हणतोय मी."

पुरस्कार काढून घेतला गेला आणि शेजारच्या गावातल्या एका दगडी हौदाला मिळाला. ठिणगीचा सन्मान अर्थातच कायम राहिला, बसथांब्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गाव जैसेथेवर उखडलं. ज्यांच्या खुर्च्या त्याने जोडल्या होत्या ते खुर्च्या घेऊन यायचे आणि विचारायचे, "यातलं खरं किती आणि तुमचं किती?" चहाच्या टपरीवर कोणीतरी हमखास म्हणायचं, "दूध आहे ना यात? की जैसे थे?" अध्यक्ष म्हणाले की या ठिकाणी गावाचं नाक कापलं गेलं. जे नाव आजवर लाडाने हाकेत यायचं, ते आता शिवीसारखं येऊ लागलं. घरी बायकोने कोट घडी करून पेटीत ठेवला, तळाशी.

नकाशाबाई आली ती न चिडता आली, हे जास्त वाईट झालं.

"मी सांगितलं होतं ना काका, ॲक्चुअली?"

"सांगितलं होतं," जैसेथे म्हणाला.

तिने समितीचा निरोप आणला होता. नवीन भागांवरचा रंग आणि खोटी झीज तासून काढली, नवं ते नवं दिसू लागलं, तर पुढल्या वर्षी तोलघराचा पुन्हा विचार होईल. पण नवं कुठलं, हे जगात एकालाच माहीत होतं. त्याने फक्त खडूने खुणा करायच्या. तासायचं काम त्याच्या बोटांच्याने होणार नव्हतं. ते ठिणगी त्याच्या ग्राइंडरने करणार होता.

सकाळी जैसेथे खडू घेऊन जिन्यापाशी बसला. कठडा झाला, खालच्या पायऱ्या झाल्या. हात भराभर चालत होता. मग मधल्या दोन पायऱ्यांपाशी तो थांबला. त्या दोहोंपैकी एकीला वाळवी लागलेली नव्हती, म्हणून ती त्याने होती तशीच परत बसवली होती. तोलघरातली ती एकच खरी जुनी पायरी. दुसरी तिच्यासारखी बनवली होती. त्याने दोन्हींवर तळवा फिरवला. बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला. गाल टेकवून उजेडात पाहिलं. कडा हुंगल्या. खालून डोकावलं, पण जोड जमावी म्हणून या दोन्हींच्या बुडालाही त्याने तोच काळा रंग दिला होता. उठला, पुन्हा बसला.

"बाई," त्याने शेवटी विचारलं, "तुम्ही होतात तेव्हा. यातली कुठली ठेवली होती मी?"

मोठ्या बाई कपाट नसलेल्या पुस्तकांच्या ढिगामागून पुढे आल्या. त्यांनी खूप वेळ पाहिलं. "मला खरंच…" त्या म्हणाल्या, आणि या वेळी भुवया उंचावल्या नाहीत.

"आठवत नाही," जैसेथेने शब्द भरला.

"भावोजी, लवकर सांगा, मशीन हातात घेऊन उभा आहे कधीचा," ठिणगी म्हणाला. मग त्याने जैसेथेचा चेहरा पाहिला आणि डोळ्यांवरचा गॉगल वर सरकवला. "तुम्हालाच ओळखू येत नाही?"

"नाही."

ठिणगीला चेष्टा सुचली नाही. त्याने दोन्ही पायऱ्यांकडे पाहिलं, मग नकाशाबाईकडे. "मग राहू दे की दोन्ही. कोणाला कळतंय?"

"असं कसं? ॲक्चुअली एक तरी नवीन आहे ना."

जैसेथेने त्या दोहोंतल्या खालच्या पायरीवर फुली मारली. ग्राइंडर लागला. तांबूस भुकटी उडाली, आधी थोडी, मग लोट. जैसेथे पांढरं लाकूड दिसायची वाट बघत होता. ते दिसेना. काळपट लाल रंग आत, आणखी आत, थेट गाभ्यापर्यंत तसाच. पोती वाहणाऱ्या माणसांनी खरोखर झिजवलेला तो खळगा भुकटी होऊन फरशीवर पसरला.

"ही जुनी होती," जैसेथे म्हणाला.

ठिणगीने मशीन बंद केलं. नकाशाबाई म्हणाली की आता एक राहिली तर विचित्र दिसेल. मग दुसरीही तासली.

पुढल्या वर्षी तोलघराला पुरस्कार मिळाला, प्रामाणिक दुरुस्तीसाठी. कपाटंही आली. दाराशी पितळी पाटी लागली. तिच्यावर जैसेथेचं पूर्ण नाव कोरलेलं आहे, आणि त्याखाली ठिणगीचं. फोन नंबर समितीने कोरू दिला नाही, तर त्याने तो जिन्याच्या खालच्या बाजूला पिवळ्या रंगात घातला. पाटी लागली त्या दिवशी जैसेथेची बायको एकटी जाऊन बघून आली. "तुमचं वर आहे," ती म्हणाली, "भाऊचं खाली." एवढंच.

जैसेथे अजून वाचनालयात येतो. खालच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतो, वर जात नाही. अधूनमधून बाहेरगावची माणसं इमारत बघायला येतात. परवा एक जोडपं आलं होतं. त्यातली बाई जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि थांबली. चट्टेपट्टे पडलेला, जागोजाग खरवडलेला तो जिना तिने खाली-वर पाहिला.

"अरेरे," ती म्हणाली. "इतका चांगला जिना असणार हा. कोणी वाट लावली हो याची?"

मोठ्या बाईंनी पुस्तकातून मान वर न करता दाराकडे बोट दाखवलं. "पाटीवर आहे."

नवरा पाटीपाशी गेला आणि मोठ्याने वाचू लागला. आधी जैसेथेचं नाव वाचलं. जैसेथे पेपरातच बघत होता. मग त्याने बापाचं नाव वाचलं, स्पष्ट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. तेव्हा जैसेथेने वर्तमानपत्राची घडी घातली, बाकावर ठेवली आणि त्या माणसाच्या बाजूने वाट काढून बाहेर पडला.